विद्यार्थ्यांची गळती रोखायला डेटा वापरायचाय, सुरुवात कुठून करू?

प्रश्न:
आमच्या विद्यापीठात प्रवेश, हजेरी, परीक्षा, फी आणि ग्रंथालय यांची सॉफ्टवेअर वेगवेगळी आहेत. आता वरून आदेश आलाय की सगळं एका डॅशबोर्डवर दिसलं पाहिजे आणि कोण मध्येच शिक्षण सोडेल हे आधी कळलं पाहिजे. असा अंदाज बांधणारं मॉडेल कोणतं घेऊ?

प्रतिसाद १:
मी हेच काम करते. मॉडेल राहू द्या, आधी नोंदी जुळवा. प्रवेशाच्या यादीत आडनाव आधी, परीक्षेच्या यादीत शेवटी, फीच्या खात्यात नुसता अर्ज क्रमांक. एकाच मुलीच्या तीन मुली होतात आणि त्यातली एक अहवालात 'गळती' म्हणून जाते! नावावरून जुळवायच्या फंदात पडू नका. कायम नोंदणी क्रमांक धरा आणि तो प्रत्येक विभागाला सक्तीचा करा.

प्रतिसाद २:
अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या 'कोर्स सिग्नल्स'बद्दल जरूर वाचा. एखाद्या विषयात विद्यार्थ्याला किती धोका आहे, ते लाल, पिवळा, हिरवा अशा दिव्यांनी दाखवायची ती प्रणाली. मुलं टिकण्याचं प्रमाण वाढल्याचा दावा झाला होता, पण २०१३ मध्ये त्यावर आक्षेप आले: जी मुलं जास्त सत्रं टिकली, त्यांच्याच वाट्याला ही प्रणाली वापरणारे विषय जास्त येणार. मग कशामुळे काय झालं?

प्रश्नकर्ता:
म्हणजे हे करूच नये का?

प्रतिसाद १:
कराच, पण इशारा आल्यावर फोन कोण करणार, ते आधी ठरवा. अमेरिकेतल्याच जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटीने २०१२ पासून धोक्याच्या ८०० हून अधिक खुणांवर रोज नजर ठेवायला सुरुवात केली, आणि सोबत समुपदेशकही वाढवले. मला त्यांची सगळ्यात पटलेली गोष्ट फीची आहे. किरकोळ थकबाकीपायी ज्यांचं नाव कमी होणार, अशी मुलं ते शोधून काढतात आणि अर्जाची वाट न पाहता छोटं अनुदान थेट त्यांच्या खात्यावर जमा करतात. यासाठी मॉडेलसुद्धा लागत नाही. फीची यादी आणि निकालाची यादी शेजारी ठेवली की पास होणारी, पण पैशांवाचून अडलेली मुलं समोर येतात. मी तुमच्या जागी असते तर पहिल्या सत्रात एवढंच केलं असतं.

आणि 'धोक्यात' हा शेरा सरसकट सगळ्या प्राध्यापकांना दाखवू नका. वर्गात पाऊल टाकण्याआधीच त्या मुलाबद्दल मत बनतं. ज्याने फोन करायचाय, त्यालाच तो दिसू दे.