गोव्यात समुपदेशकांसाठी स्वतंत्र परवाना मंडळ: कायद्याची वाट कुठून जाते?

म्हापसेकर

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) नोंदणी क्रमांक असतो, मानसोपचारतज्ज्ञाकडे मेडिकल कौन्सिलचा. पण एम.ए. मानसशास्त्र करून म्हापशात किंवा मडगावात खासगी समुपदेशन करणारा, शाळेत नेमलेला, व्यसनमुक्ती केंद्रात काम करणारा समुपदेशक, यांच्या पाटीवर लिहायला क्रमांकच नाही. तीन दिवसांचा ऑनलाइन कोर्स केलेला माणूसही शेजारी तशीच पाटी लावतो. त्याने रुग्णाची माहिती बाहेर फोडली तर तक्रार कुणाकडे न्यायची?

आमच्या गटात स्वतंत्र गोवा मंडळाची मागणी पुढे येतेय. एका आमदारांनी खासगी विधेयक मांडायची तयारीही दाखवली आहे. विधानसभेला असा कायदा करता येतो का? मंडळावर कोण असावे? आणि आज काम करत असलेल्यांचे काय करायचे?

कायदा_आल्तिनो

अधिकार आहे, पण मोकळे रान नाही. वैद्यकीय व इतर व्यवसाय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत येतात (नोंद 26), म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो, आणि याच विषयावर केंद्राचा नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स (संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय) कायदा 2021 पासून आहे. त्याच्या अनुसूचीत दहा वर्ग आहेत. त्यातला एक वर्ग वर्तन आरोग्याचा: मानसशास्त्रज्ञ, बिहेविअरल अ‍ॅनालिस्ट, आरोग्य समुपदेशक, वैद्यकीय व मनोविकार समाजकार्यकर्ते, एचआयव्ही व कुटुंबनियोजन समुपदेशक, मेंटल हेल्थ सपोर्ट वर्कर. आरसीआयच्या कक्षेतले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट तेवढे त्यातून वगळले आहेत.

राज्याचा कायदा याच्याशी विसंगत ठरला तर राज्यघटनेच्या कलम 254(2) खाली राष्ट्रपतींची संमती लागते. म्हणजे विधेयक पर्वरीच्या विधानसभेत मंजूर झाले तरी राज्यपालांमार्फत दिल्लीला जाणार, तिथे आरोग्य मंत्रालयाचे मत मागवले जाणार, आणि ते मंत्रालय स्वतःच्याच कायद्याला फाटा देणाऱ्या मसुद्याची शिफारस का करेल? संमती मिळालीच, तरी संसद नंतर तो कायदा बदलू शकते.

खासगी विधेयकाला आणखी एक अडथळा आहे. मंडळाचे कार्यालय, निबंधक, कर्मचारी म्हटले की राज्याच्या संचित निधीतून, म्हणजे सरकारी तिजोरीतून, खर्च आला. असे विधेयक राज्यपालांच्या शिफारशीशिवाय मंजूर होऊ शकत नाही, कलम 207(3). ती शिफारस सरकारच्या सल्ल्याने येते. तेव्हा सरकारला नको असेल तर चर्चा होईल आणि विधेयक मागे घ्यावे लागेल.

माझे स्पष्ट मत: नवा कायदा मागू नका. 2021 च्या कायद्याने प्रत्येक राज्यावर राज्य परिषद स्थापायचे बंधन घातले आहे, आणि ऑगस्ट 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंमलबजावणीसाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. परिषदेखाली चार स्वायत्त मंडळे असतात, त्यातले एक नीतिमत्ता व नोंदणीचे. राज्य नोंदवही तेच ठेवते. तुम्हाला हवे ते मंडळ कागदावर आहे, त्याला तुमच्या व्यवसायापुरते स्वातंत्र्य कसे मिळवायचे हा खरा प्रश्न. ते राज्याने करायच्या नियमांतून आणि परिषदेच्या विनियमांतून मिळते. आमदारांना विधेयकाऐवजी तारांकित प्रश्न विचारायला सांगा: नियम कधी अधिसूचित होणार, वर्तन आरोग्य वर्गाचे दोन सदस्य कोण, नोंदवही केव्हा उघडणार.

बांबोळी_पीएसडब्ल्यू

वरच्या उत्तरात एक भर. मनोविकार समाजकार्यकर्त्यांसाठी आणखी एक दार आहे. मेंटल हेल्थकेअर कायदा 2017, कलम 55 प्रमाणे राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाने क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मानसिक आरोग्य परिचारिका व मनोविकार समाजकार्यकर्ते यांची नोंदणी करून यादी प्रसिद्ध करायची असते. म्हणजे एकाच व्यक्तीची नावे दोन-तीन वह्यांत जाऊ शकतात. नियमांत इतकेच मागा की अर्जात आधीचा क्रमांक लिहिला की कागदपत्रे पुन्हा मागायची नाहीत, आणि एका वहीतून नाव काढले तर दुसरीला सात दिवसांत कळवायचे. हे नसेल तर आरसीआयने निलंबित केलेला माणूस दुसऱ्या क्रमांकावर काम करत राहील.

आता व्याख्येचा मुद्दा, इथेच मसुदे फसतात. ‘मानसिक त्रासाबाबत सल्ला देणारी कोणतीही व्यक्ती’ असे लिहिले की शिक्षक, पाद्री, भटजी, आशा कार्यकर्त्या सगळे आत आले. गोव्यात तर हे फारच महाग पडेल. सेवाभावी संस्थांनी इथे, विशेषतः संगथने, पदवी नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांकडून नैराश्य आणि दारूच्या समस्येवर प्राथमिक आरोग्य केंद्रांत काम करून घेतले. त्या पद्धतींच्या चाचण्यांचे निष्कर्ष 2017 मध्ये लॅन्सेटमध्ये आले आणि परिणाम चांगले होते. सरसकट बंदी घातली तर सत्तरी-काणकोणातल्या केंद्रावर जे मिळते तेही बंद होईल.

म्हणून दोन पातळ्या ठेवा. ‘नोंदणीकृत समुपदेशक’ हे पद आणि स्वतंत्रपणे फी घेऊन उपचार करणे, हे फक्त नोंदणी असलेल्यांना. नोंदणीकृत पर्यवेक्षकाखाली, ठरावीक उपचारपद्धती वापरून, संस्थेत काम करणाऱ्यांना लेखी सूट. या सवलतीच्या अटी: पर्यवेक्षकाचे नाव व क्रमांक केंद्रात दर्शनी लावलेला, एका पर्यवेक्षकाखाली आठांहून जास्त माणसे नकोत, आठवड्याला निदान एक तास केसचर्चा, आत्महत्येचा धोका दिसला तर त्याच दिवशी पुढे पाठवणे. आठ आणि एक तास हे माझे प्रस्तावित आकडे. चर्चेत बदलू द्या, पण नियमांत आकडा असू दे. ‘पुरेसे पर्यवेक्षण’ असे लिहिले की उद्या चौकशीत काहीच सिद्ध होत नाही.

फोंडा_हिशेब

स्वातंत्र्य म्हणजे पैसा आणि माणूस, तिथून बघा. समजा गोव्यात 300 जणांनी नोंदणी केली, पाच वर्षांची फी 2,000 रुपये. एकूण सहा लाख, वर्षाला 1,20,000. एवढ्यात पूर्णवेळ कारकूनसुद्धा ठेवता येत नाही, मग निबंधक, वकील, सुनावणीचा खर्च कुठून? फी चौपट केली तर सालसेतमधल्या शाळेत कंत्राटावर असलेली समुपदेशक नोंदणीच टाळेल. 2011 च्या जनगणनेत साडेचौदा लाख लोकसंख्या असलेल्या राज्यात एका व्यवसायाचे वेगळे कार्यालय चालत नाही. कार्यालय, संगणक, निबंधक दहाही वर्गांत सामाईक ठेवा. वेगळे ठेवायचे ते निर्णय: पात्रता कोण तपासणार आणि तक्रार कोण ऐकणार.

राज्य परिषदेत प्रत्येक वर्गाचे दोन, म्हणजे वीस व्यावसायिक सदस्यांत तुमचे दोन. समुपदेशकाविरुद्धची तक्रार क्ष-किरण तंत्रज्ञ आणि आहारतज्ज्ञांच्या बहुमताने निकालात निघू नये, यासाठी वर्गनिहाय चौकशी समिती मागा. पण ती फक्त समुपदेशकांचीही नको. अमेरिकेत 2015 मध्ये नॉर्थ कॅरोलिनाच्या दंतवैद्यक मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच धरले: व्यवसाय करणाऱ्यांचेच बहुमत असलेल्या मंडळावर राज्याची प्रत्यक्ष देखरेख नसेल, तर त्याला स्पर्धा कायद्यातून सूट नाही. ते मंडळ दात पांढरे करून देणाऱ्या बिगर-दंतवैद्यांना नोटिसा धाडून बाजारातून हटवत होते. आपल्याकडे पाच जणांची समिती धरा: दोन समुपदेशक, एक मानसोपचारतज्ज्ञ, एक निवृत्त न्यायिक अधिकारी, एक सेवा घेणाऱ्यांचा प्रतिनिधी.

गोवा लहान. तक्रार झालेली व्यक्ती समितीतल्या कुणाची तरी वर्गमैत्रीण किंवा माजी विद्यार्थिनी निघणारच. त्यामुळे प्रत्येक सुनावणीआधी सदस्यांनी लेखी संबंध जाहीर करायचा, आणि बदली सदस्य म्हणून शेजारच्या राज्यातल्या नोंदणीकृत व्यक्तीला बोलवायची तरतूद हवी. तक्रारदाराचे नाव आदेशात नको, आद्याक्षरेही नकोत, गावाचे नाव तर मुळीच नको. पेडण्यातल्या वाड्यावर तेवढ्यावरून माणूस ओळखला जातो.

म्हापसेकर

विधेयकाचा विचार सोडला, नियमांवर सूचना पाठवू. आधीपासून काम करणाऱ्यांचे मात्र अजून कुणी सांगितले नाही. आमच्यातल्या बऱ्याच जणांची एम.ए. इग्नूची, म्हणजे दूरस्थ पद्धतीची आहे.

कायदा_आल्तिनो

यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) जुलै-ऑगस्ट 2025 च्या सत्रापासून मानसशास्त्रासह या कायद्यातले आरोग्य अभ्यासक्रम दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने बंद केले. ती बंदी पुढच्या प्रवेशांना आहे, पण छाननी करणारा कारकून जुन्या पदवीवरही लाल शेरा मारेल. म्हणून नियमांतच तारीख लिहून घ्या: अमुक सत्राआधी प्रवेश घेतलेल्यांची पदवी केवळ दूरस्थ म्हणून नाकारली जाणार नाही. दुसरा खडा तासांचा. हेल्थकेअर प्रोफेशनल म्हणवायला कायद्यात तीन ते सहा वर्षांत किमान 3,600 तासांचे शिक्षण लागते, अलाइडसाठी दोन ते चार वर्षांत 2,000. नुसती दोन वर्षांची एम.ए. दाखवली तर तास कमी पडतात, बी.ए. मानसशास्त्राची गुणपत्रिकाही जोडा आणि विद्यापीठाकडून तासांचे प्रमाणपत्र आत्ताच मागून ठेवा.

अनुभवाच्या दाखल्यात ‘2015 पासून कार्यरत, वर्तणूक समाधानकारक’ एवढे असेल तर तो पडून राहतो. तक्ता हवा: महिना, वैयक्तिक सत्रांचे तास, गटसत्रांचे तास, पर्यवेक्षणाचे तास, पर्यवेक्षकाची सही व त्याचा क्रमांक. रुग्णाचे नाव तक्त्यात कुठेही नको, फक्त केस क्रमांक.

मुदतीचाही विचार करा. नोंदवही उघडल्यापासून वर्षभर तात्पुरता क्रमांक द्यावा आणि अर्ज प्रलंबित असताना काम चालू ठेवू द्यावे, कारण नोंदणीशिवाय काम केल्यास कायद्यात 50,000 रुपये दंड आहे. सूचना मसुद्यावरच्या हरकतींच्या मुदतीत, आरोग्य खात्याच्या सचिवांच्या नावे, पोच घेऊन द्या. नाकारल्या गेल्या तर उच्च न्यायालयाच्या पर्वरीच्या खंडपीठात तीच पोच लागते.