उतारावर न्यूट्रल करूनही ॲव्हरेज का वाढत नाही?

नवाचालक:
१२०० सीसीची पेट्रोल गाडी, हाताने गिअर बदलायची, सहा वर्षं जुनी. रोज जाऊन-येऊन २२ किलोमीटर, वाटेत एक लांब उतार आणि नऊ सिग्नल. डॅशबोर्ड १६ चं ॲव्हरेज दाखवतो, पण टाकी फुल्ल करून, किलोमीटर लिहून, पुन्हा फुल्ल करून भागाकार केला तर १३.४ येतं. सासरे म्हणाले, उतारावर न्यूट्रल करत जा. महिनाभर इमानेइतबारे केलं, आकडा ढिम्म हलला नाही. सर्व्हिसिंग वेळेवर आहे. चुकतंय कुठे?

जुनाक्लच:
सासऱ्यांनी कार्ब्युरेटरच्या गाड्या चालवल्या असणार. त्यात पाय उचलला तरी इंजिन पेट्रोल ओढतच राहायचं, म्हणून न्यूट्रल फायद्याचं वाटायचं. तुमची इंजेक्शनची आहे, म्हणजे पेट्रोल इंजेक्टर फवारतात. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की चाकंच इंजिन फिरवतात आणि इंजेक्टर बंद होतात. तेवढा वेळ खर्च शून्य. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला चालू राहायला पेट्रोल द्यावंच लागतं. वर सगळा भार ब्रेकवर येतो, आणि लांब उतारावर ते तापतात. तेव्हा ही सवय आजच सोडा.

पण खरी गळती उतारावर नाही, त्या नऊ सिग्नलांपाशी आहे. मी एकदा आठवडाभर ब्रेक किती वेळा दाबतो ते मोजलं होतं (बायकोने वेड्यात काढलं). सोमवारी ६१, शनिवारी ३४, रस्ता तोच. ब्रेक मारणं म्हणजे पेट्रोल जाळून कमावलेला वेग उष्णता करून फेकून देणं. आणि ६० च्या वेगात ३० च्या चौपट ऊर्जा असते, त्यामुळे लाल दिव्याकडे सुसाट जाऊन थांबणं सगळ्यात महागात पडतं. लांबून लाल दिसला की तिथेच पाय उचला. बऱ्याचदा पोचेपर्यंत हिरवा होतो आणि दुसऱ्या गिअरमध्येच निघता येतं.

गाडी उचलताना मात्र फार गोगलगाय होऊ नका. बेताने वेग घ्या, दोन हजार आरपीएमच्या आसपास वरचा गिअर टाका. आणि एक विचारतो, सकाळी उभ्या उभ्या गाडी गरम करता का?

डिकीभरसामान:
टपावर कॅरिअर आहे का बघा. माझ्या गाडीवर दोन वर्षं रिकामं मिरवत होतं. वेग ८० वरून १०० वर नेला की हवेचा अडथळा दीडपटीहून जास्त होतो, त्यात हे ध्यान. टायरमधली हवा चाकं गार असताना तपासा. किती हवी ते बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेलं असतं.

नवाचालक:
कॅरिअर नाही. हवा चारही टायरमध्ये कमी निघाली, एकात तर सहा पीएसआयने. गाडी पाच मिनिटं गरम करतो, हो. आज ब्रेक मोजले: ७४. लाज वाटली.

जुनाक्लच:
ती पाच मिनिटं बंद करा. अर्ध्या मिनिटात निघा आणि पहिले दोन-तीन किलोमीटर शांतपणे चालवा. चालत्या गाडीचं इंजिन उभ्या गाडीपेक्षा लवकर गरम होतं. तुमचा एकेरी पल्ला ११ किलोमीटरचाच, त्यातला बराचसा थंड इंजिनावर जातो. म्हणून १६-१७ च्या फार पुढे जायची आशा नको.

नवाचालक:
दोन टाक्या झाल्या. आधी १४.६, मग १५.३. ब्रेक चाळिशीत आलेत. मागचे हॉर्न वाजवतात, त्याची सवय होतेय. सासऱ्यांना सगळं सांगितलं तर म्हणाले, "मग न्यूट्रलमध्ये गाडी जास्त पळते ती कशी?" काय सांगू?

जुनाक्लच:
पळते हे खरंच आहे. इंजिन अडवत नाही, म्हणून पळते. त्यांना विचारा, तुमच्या उताराच्या पायथ्याशी काय आहे?

नवाचालक:
सिग्नल.