जगातला पहिला संप इजिप्तमध्ये झाला होता का? आणि ते कामगार गुलाम होते ना?

दुसरीपाळी:
नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असतो, पहिलाच धागा आहे, चुकलं तर सांभाळून घ्या.

झालं असं की बाबांच्या गिरणीतल्या जुन्या मित्रांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, सगळे सत्तरी ओलांडलेले, त्यात परवा एक फॉरवर्ड आला की जगातला पहिला संप पिरॅमिड बांधणाऱ्या कामगारांनी केला आणि फेरोला पगार द्यायला लावला. बाबा ८२ च्या संपात होते त्यामुळे त्यांना हे वाचून एकदम हुरूप आला, पण ग्रुपवरच कोणीतरी म्हणालं की छे, पिरॅमिड गुलामांनी बांधले, पाठीवर चाबूक बसत असताना संप कुठला करतात. झालं, दोन दिवस तेच चाललंय. शेवटी मला म्हणाले, तुझ्या त्या इंटरनेटवर शिकलेली माणसं असतात ना, त्यांना विचार.

तर मला तीन गोष्टी कळायला हव्यात. संप खरंच झाला का? ते गुलाम होते की पगारी? आणि पगारी असतील तर नाणी नसताना पगार कशात द्यायचे? गूगल केलं की नुसत्या ममी आणि तुतनखामेनचा मुखवटा येतो, साध्या माणसाबद्दल काहीच सापडत नाही.

अर्धाकपचहा:
फॉरवर्डमध्ये शेवटी "हे दहा जणांना पाठवा" होतं का? असेल तर खोटं. 😄
बाकी जाणकारांच्या प्रतीक्षेत, बसलोय खुर्ची टाकून.

खापरखुंटी:
फॉरवर्ड अर्धा खरा आहे. संप झाला, पुराव्यासकट झाला, पण पिरॅमिडवाल्यांनी नाही केला. गिझाचा मोठा पिरॅमिड साधारण इ.स.पू. २५६० चा आणि हा संप इ.स.पू. ११५७ च्या आसपासचा, म्हणजे मध्ये चौदाशे वर्षं गेली. तोवर पिरॅमिड बांधणं कधीच बंद झालेलं, राजे डोंगरात कोरलेल्या थडग्यांत पुरले जायचे. ती थडगी कोरणाऱ्या आणि रंगवणाऱ्या लोकांचा हा संप.

ही माणसं राहायची लक्झरच्या समोर, नाईलच्या पश्चिम काठाला, आता दैर अल-मदीना म्हणतात त्या वस्तीत. अक्षरशः कामगार कॉलनी. भिंतीच्या आत सत्तरेक घरं, एकाला एक लागून, मध्ये एक बोळ. पाथरवट, चितारी, गिलावा करणारे, कारकून, त्यांच्या बायका, पोरं, म्हातारे. टोळीचे दोन भाग, उजवी बाजू आणि डावी बाजू, नावेवरच्या वल्हेकऱ्यांसारखे, आणि प्रत्येक बाजूला एक मुकादम. आठवडा दहा दिवसांचा, आठ दिवस काम आणि दोन दिवस सुट्टी, शिवाय सणवार वेगळे.

आता संप. रामसेस तिसरा गादीवर येऊन २९ वर्षं झालेली. धान्य वेळेवर येईना. एक दिवस टोळीच्या टोळी काम टाकून चौक्या ओलांडून बाहेर पडली आणि थुटमोस तिसऱ्याच्या देवळाच्या मागे जाऊन बसली. म्हणणं एकच, आम्ही भुकेले आहोत, १८ दिवस झाले. अधिकारी आले, गोडगोड बोलले, हे हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी रामेसियमच्या, म्हणजे रामसेस दुसऱ्याच्या देवळाच्या, दारात, तिसऱ्या दिवशी थेट आत. आता रामेसियमच का, तर तिथे मोठमोठी धान्याची कोठारं होती. बसायची जागा बरोबर निवडली होती लोकांनी. तिथे त्यांनी सांगितलं की भूक आणि तहान इथवर घेऊन आलीय, कापड नाही, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही, आमच्या राजाला कळवा.

मला सगळ्यात आवडतो तो तिथला पोलीसप्रमुख, मोंतुमोस नावाचा. हा पठ्ठ्या संपवाल्यांना म्हणतो की घरी जा, अवजारं आवरा, दारं लावा, बायकापोरांना घ्या, मी स्वतः तुम्हाला सेती राजाच्या देवळात नेऊन बसवतो! मागच्या महिन्याचं थकलेलं धान्य मग मिळालं. पण पुढच्या महिन्यांत परत तीच रड, परत बसले. एकाने तर राजाच्या नावाची शपथ घेऊन सांगितलं की मला आज इथून उठवलंत तर एखादं थडगं फोडल्याशिवाय मी झोपणार नाही.

हे सगळं कळलं कारण अमेननख्त नावाच्या कारकुनाने तारीखवार टिपण ठेवलं होतं. तो पपायरस आज इटलीत तुरीनच्या म्युझियममध्ये आहे.

दुसरीपाळी:
बापरे, एवढं डिटेल! बाबांना वाचून दाखवलं. पोलीसवाल्याच्या गोष्टीवर विश्वास बसत नाहीये त्यांचा, दोनदा वाचायला लावलं. आता त्यांचे प्रश्न असे: पुढारी कोण होता, कारकून कोणाच्या बाजूने होता, आणि पगाराचा नेमका आकडा किती.

दमडीमोल:
आकड्याचं मी घेतो, माझा आवडता विषय आहे.

साध्या कामगाराला महिन्याला ४ खार गहू आणि दीड खार जव. गहू म्हणजे आपला नव्हे, फोल घट्ट चिकटलेला जुन्या जातीचा. मुकादमाला साडेपाच खार गहू आणि २ खार जव. खार हे माप, साधारण ७६ लिटरचं, म्हणजे साध्या माणसाच्या घरी महिन्याला चारशे लिटरच्या वर धान्य यायचं. गव्हाची भाकरी आणि जवाची बिअर. ही बिअर म्हणजे बाटलीतली नाही हां, घट्ट, पोटभरीची, पोरंसोरंही प्यायची. शिवाय मासे, भाजी, सरपण, मडकी हे सरकारकडून वेगळं, आणि पाणीसुद्धा, कारण वस्ती वाळवंटात, नाईलवरून गाढवांवर पाणी यायचं. म्हणून त्या तक्रारीत मासे आणि भाजी मोजून सांगितलेत, ते चोचले नव्हते, ठरलेल्या पगाराचा भाग होता.

नाणी नव्हती पण हिशोब पक्का होता. तांब्याचं एक वजन होतं, देबेन, ९१ ग्रॅमच्या आसपास, त्यात सगळ्याची किंमत लावायची. अंगरखा ५ देबेन, गाढव २५ ते ४०, लाकडी शवपेटी वीस-पंचवीसच्या पुढे. तांबं प्रत्यक्ष द्यायलाच हवं असं नाही, गाढवाच्या बदल्यात दोन अंगरखे, थोडं धान्य, एक टोपली असं करत बेरीज जुळवायची. धान्याचा महिन्याचा पगार साधारण ११ देबेन धरतात, म्हणजे बरी शवपेटी हवी तर दोन महिन्यांच्या पगारावर पाणी. पण इथे गंमत अशी की शवपेट्या रंगवणारे हेच लोक होते! सुट्टीत एकमेकांच्या शवपेट्या, पलंग, मूर्ती करून विकायचे, वरकमाई चांगली होती. पाथरवट म्हणून कीव करू नका, त्या काळच्या शेतकऱ्याच्या मानाने बरंच बरं चाललेलं त्यांचं, सरकारी कॉलनीतली पर्मनंट नोकरी, बापाच्या जागी मुलगा लागायचा.

अवांतर: राजाला आपल्या तिसाव्या वर्षाचा मोठा उत्सव करायचा होता, त्यासाठी वजीर 'तो' (हो, नावच तो) देवांच्या मूर्ती गोळा करत फिरत होता. या भागात आला, मूर्ती घेतल्या आणि कामगारांना न भेटता गेला. वर निरोप काय, तर कोठारातच काही नाहीये, जे सापडलं ते देतो. आणि अर्धा पगार दिला.

खापरखुंटी:
पुढारी म्हणून एकाचं नाव पुढे येत नाही, पण खोन्सू मुकादम लोकांना म्हणत होता की धान्य घ्या आणि खाली नदीकाठी चला. अमेननख्त कारकुनाने त्यांना दम दिला की आत्ताच धान्य दिलंय, खाली गेलात तर कोर्टात खेचीन. म्हणजे कारकून मधलाच. लोकांसाठी धान्यही मागायचा आणि लोकांना आवरायचाही. काकांना असा माणूस लगेच ओळखू येईल.

रोखठोक_७१:
सगळं छान आहे पण हे मूठभर कुशल कारागीर, यांच्यावरून अख्ख्या इजिप्तचं चित्र रंगवू नका. नुबिया, सिरियातून पकडून आणलेले लोक गुलाम नव्हते तर कोण होते? आजकाल "गुलाम नव्हतेच" म्हणायची फॅशन आलीये.

खापरखुंटी:
@रोखठोक_७१, मुद्दा मान्य, गुलाम होतेच. याच कॉलनीत दळण दळायला सरकारी दासी होत्या, कुठल्या घरी किती दिवस ते वाटून दिलेलं असायचं, आणि त्या वाटणीचे दिवस लोक विकायचेसुद्धा. म्हणजे संप करणाऱ्याच्या घरातलं पीठ दासीनेच दळलेलं. मी फक्त एवढंच म्हणतो की थडगी कोरणारे गुलाम नव्हते. आणि गिझाचं म्हणाल तर तिथे १९९० मध्ये कामगारांची थडगी सापडली, जवळच भट्ट्या, गुरांची-शेळ्यांची ढिगाने हाडं. तिथेच राबणाऱ्यांना मानाने पुरलंय. पण सगळे हौसेने आले होते असंही नाही, गावोगावहून पाळीने माणसं कामाला द्यावी लागायची. आपल्याकडे वेठ म्हणायचे तसलं काहीतरी.

पाणीदारमाया:
सगळे पुरुष पगार आणि संपात अडकलेत म्हणून मी जरा घरात शिरते.

आधी हे सगळं कुठून कळतं ते सांगते कारण ते फार भारी आहे. पपायरस महाग, त्यामुळे रोजचं लिहिणं चुनखडीच्या कपच्यांवर आणि फुटक्या खापरांवर व्हायचं, आणि त्या डोंगरात कपच्यांना काय तोटा. वस्तीच्या बाहेर त्यांनी पाण्यासाठी सुमारे ५० मीटर खोल खड्डा खणला होता, पाणी काही लागलं नाही, मग त्यात कचरा टाकायला लागले. त्या खड्ड्यात हजारो लिहिलेल्या कपच्या सापडल्या. बर्नार ब्रुयेर या फ्रेंच माणसाने १९२२ ते १९५१ तिथे खोदकाम केलं, आणि चेर्नी नावाच्या चेक अभ्यासकाने त्या वाचण्यात आयुष्य घातलं. विहिरीला पाणी लागलं असतं तर आपल्याला यातलं बरंचसं कळलंच नसतं!

त्यातलं माझं सगळ्यात लाडकं म्हणजे हजेरीपट. ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, रामसेस दुसऱ्याच्या ४० व्या वर्षाचा, चाळीस नावं आणि पुढे तारखा, आणि तारखेच्या वर लाल शाईने खाड्याचं कारण. विंचू चावला. डोळे आले. आईला गुंडाळत होता (म्हणजे आई गेली, तिची ममी करायची होती). बिअर करत होता. घर बांधत होता. आणि हे वाचून मी उडालेच, बायकोची पाळी, मुलीची पाळी! पुरुषाच्या हजेरीत, कारण म्हणून, सरळ लिहिलेलं. आमच्या ऑफिसात मला स्वतःच्या पाळीसाठी पोट बिघडलं म्हणून लिहावं लागतं.

कपडे धुवायला सरकारने धोबी नेमलेले, कोणाकडे कुठली घरं ते ठरलेलं. एका कपचीवर तर कपड्यांची चित्रं काढून पुढे ठिपके दिलेत, हा अंगरखा इतके, ही लुंगी इतक्या. घेणाऱ्याला वाचता येत नसेल. आमच्या इस्त्रीवाल्याची वही अजून अशीच असते. धोबी बिचारे नदीवर जाऊन धुवायचे आणि नदीत मगरी.

आणि नौनख्त आजी. हिच्याबद्दल कोणी कसं लिहिलं नाही? याच कॉलनीतली, संपानंतर दहा-बारा वर्षांनी हिने मृत्युपत्र केलं, रामसेस पाचव्याच्या तिसऱ्या वर्षी. आठ मुलं वाढवली, सगळ्यांची घरं मांडून दिली, आता मी म्हातारी झालेय आणि ही माझ्याकडे बघत नाहीत. ज्याने माझ्या हातावर हात ठेवला त्याला देईन, ज्याने नाही ठेवला त्याला नाही. असं पंचांसमोर लिहवून घेतलं आणि काहींना सरळ वगळलं. एका मुलाला बाकीच्यांपेक्षा जास्तीचं म्हणून काशाचं धुण्याचं भांडं दिलं. बाईची स्वतःची मालमत्ता असायची, नवरा-बायकोने मिळून कमावलेल्यात तिचा एक तृतीयांश वाटा असायचा आणि तो ती मनाला येईल त्याला द्यायची, नवऱ्याची सही लागत नव्हती. आता त्या काशाच्या भांड्यावरून पुढे भावंडांत काय काय झालं असेल ते मी रोज नवीन रचते.

अर्धाकपचहा:
हातावर हात ठेवला... आईला फोन करून येतो.

दुसरीपाळी:
सगळ्यांचे खूप आभार. मोठ्या अक्षरात प्रिंट काढून बाबांना दिली, त्यांनी पेनने खुणा करत वाचली. गुलामवाल्या मित्राला व्हॉइस मेसेज गेलाय, पावणेचार मिनिटांचा.

हजेरीपटावर फार खूश. म्हणाले, आमच्या मुकादमाकडे विंचू चावला सांगितलं असतं तर विंचू घेऊन ये म्हणाला असता. आणखी एक विचारलंय, संपाचं शेवटी काय झालं?

खापरखुंटी:
निकाल असा लागलाच नाही. धान्य कधी यायचं, कधी नाही, लोक अधूनमधून बसत राहिले. राजाचं म्हणाल तर तीनेक वर्षांत त्याच्याच राणीवशातून कट झाला, २०१२ मध्ये त्याच्या ममीचा सीटी स्कॅन जाहीर झाला त्यात गळा हाडापर्यंत चिरलेला दिसला. पुढच्या रामसेसने तर उलट टोळी वाढवून १२० माणसांची केली, ती नंतर परत कमी झाली. धान्य महागत गेलं. रामसेस नवव्याच्या काळात थडगी फोडल्याचे खटले चालले, त्यात याच कॉलनीतले लोकही सापडले. कुठला दगड कुठून पोकळ आहे ते त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार. आणि मग पश्चिमेकडून लिबियन टोळ्यांचे हल्ले वाढले तेव्हा वस्ती सोडून सगळे मेदिनेत हाबूच्या देवळाच्या तटबंदीत राहायला गेले. म्हणजे ज्या राजाविरुद्ध संप केला त्याच राजाच्या देवळात.

दुसरीपाळी:
वाचून दाखवलं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, अर्धा पगार घेतला ना, तिथेच चुकलं त्यांचं, घ्यायला नको होता.

आई आतून म्हणाली, ८२ साली पीठ मी मागून आणत होते, तुम्ही नाही.

पाणीदारमाया:
काकूंना +१.