मदत हवी आहे: रोज डार्क चॉकलेट खायचं तर किती, कुठलं, आणि रत्नागिरीच्या दमट हवेत ठेवायचं कसं?

सड्यावरची

रात्रीच्या जेवणानंतर लाडू-वडीऐवजी डार्क चॉकलेट सुरू करायचं आहे. खाणारी माणसं तीन. दोघं चाळिशीतली, तिसरे ६२ वर्षांचे, साखर सीमारेषेवर (एचबीए१सी ६.२), रक्तदाबाची एक गोळी चालू. मुक्काम रत्नागिरी, घरात एसी नाही.

१. रोज किती ग्रॅम? ७० टक्के घ्यावं की ८५?
२. दुकानात ‘डार्क’ लिहिलेली पाकिटं ८० रुपयांनाही आहेत आणि ३५० रुपयांनाही. फरक कसा ओळखायचा?
३. फ्रिजमध्ये ठेवलेल्या अर्ध्या पाकिटावर पांढरट-राखाडी थर आलाय. बुरशी आहे का?
४. साखर सीमारेषेवर असलेल्यांना ‘शुगर फ्री’ चालेल का?

खाडीपलीकडे

आधी तिसऱ्याचं सांगतो, नाहीतर ते पाकीट कचऱ्यात जायचं. बुरशी असण्याची शक्यता फार कमी. निव्वळ चॉकलेटमध्ये पाणी एखाद्या टक्क्याच्या आसपास असतं, त्यावर बुरशी जगत नाही. बुरशी असेल तर लव दिसते, ठिपक्याठिपक्यांनी येते आणि कुबट वास मारतो. आत मनुका किंवा मऊ सारण असलेलं चॉकलेट असेल तर मात्र शंका घ्या.

तुमचा थर दोनपैकी एक. चॉकलेट घरातल्या तापमानाला आलं की त्यावर पाण्याचा एक थेंब ठेवा. थेंब पसरून चपटा झाला तर वर आलीय ती साखर. मण्यासारखा गोल उभा राहिला तर ते कोको बटर, म्हणजे कोकोची चरबी. बोटानेही कळतं. साखरेचा थर बारीक रेतीसारखा खरखरीत लागतो आणि चोळून जात नाही. बटरचा थर गुळगुळीत असतो, बोटाच्या उबेने विरघळतो. दोन्ही खायला चालतात. कारणं मात्र वेगळी, म्हणून उपायही वेगळे. थेंब टाकून बघा आणि इथे सांगा.

सड्यावरची

थेंब लगेच पसरला. हाताला खरखरीत.

खाडीपलीकडे

मग तुमच्याकडे गरमीने नाही, घामाने बिघडलंय. आपल्याकडे पावसाळ्यात हवेचा दवबिंदू २४-२५ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे त्याहून गार वस्तू उघड्यावर आली की तिच्यावर पाणी धरणारच. फ्रिजमधून पाकीट काढलं, तुकडा मोडला, गप्पा मारत पाच मिनिटं ओट्यावर ठेवलं आणि परत आत टाकलं, की झालं. त्या पाच मिनिटांत वर दव बसतं, दवात साखर विरघळते, फ्रिजच्या कोरड्या हवेत पाणी उडून जातं आणि साखर खडे धरून वरच राहते. आठ दिवस असं चाललं की पाकीट तुमच्यासारखं होतं.

चॉकलेटला १६ ते १८ अंश आणि कोरडी हवा मानवते. ती आपल्या घरात नसते, तेव्हा तडजोड अशी:

पाकीट आणल्या दिवशीच वजनकाट्यावर रोजच्या वाटणीचे तुकडे करा, कोरड्या हाताने, पंख्याखाली. एका दिवसाचा वाटा फॉइलच्या एका पुडीत. सगळ्या पुड्या घट्ट झाकणाच्या, रबराची कडी असलेल्या डब्यात. आपला साधा स्टीलचा डबा हवाबंद नसतो, तो घ्यायचा असेल तर आधी झिपच्या पिशवीत भरून मग डब्यात. डबा फ्रिजच्या दारात नको, तिथे तापमान सतत वरखाली होतं. भाजीच्या कप्प्याच्या वरची फळी बरी. रोज एकच पुडी बाहेर काढायची. ती परत आत जाणार नाही, त्यामुळे तिला घाम आला तरी बिघडत नाही. अख्खा डबा बाहेर काढायची वेळ आलीच तर तासभर तसाच बंद ठेवून मग उघडायचा. दव डब्याच्या बाहेरच्या अंगावर बसेल, चॉकलेटवर नाही.

फ्रिजमध्ये सुकट किंवा बोंबील ठेवत असाल तर डबा खरंच हवाबंद हवा. कोको बटर वास ओढून घेतं, आणि सोड्यांच्या वासाचं ८५ टक्के चॉकलेट घरात कोणीही खात नाही.

कातळ

१ आणि २ चं मी घेतो.

पाकिटावरचा टक्का म्हणजे कोकोपासून आलेला सगळा भाग, कोकोचा घन भाग आणि कोको बटर मिळून. साध्या डार्कमध्ये उरलेली जवळजवळ सगळी साखर. म्हणून २० ग्रॅम खाल्लं तर ५० टक्केवाल्यात १० ग्रॅमपर्यंत साखर, ७० टक्केवाल्यात ६, ८५ टक्केवाल्यात ३. नुसतं ‘डार्क’ लिहून टक्का छापलाच नसेल तर मी ते पाकीट उचलत नाही.

पाकीट उलटं करून घटक वाचा. ते वजनाच्या उतरत्या क्रमाने असतात. पहिला शब्द साखर असेल तर ते गडद रंगाचं गोड चॉकलेट आहे, बाकी काही नाही. यादी कोको मास, कोको बटर, साखर, लेसिथिन (३२२) इथेच संपली तर उत्तम. कोको बटरऐवजी हायड्रोजनेटेड वनस्पती चरबी किंवा पामकर्नल तेल दिसलं तर ते कंपाऊंड. स्वस्त पाकिटात बहुतेक हेच असतं. कंपाऊंड आपल्या मे महिन्यातही हातात वितळत नाही, म्हणून दुकानदारांना आवडतं. पण डार्क चॉकलेटबद्दल जे चांगलं बोललं जातं ते कंपाऊंडला लागू नाही.

आणखी एक आकडा शोधा: ५०० किंवा ५०१. हे अल्कली. कोकोचा आंबटपणा मारायला आणि रंग गडद करायला वापरतात. त्यात फ्लॅव्हनॉल (कोकोतली रक्तवाहिन्यांना उपयोगी मानली जाणारी द्रव्यं) मोठ्या प्रमाणात जातात. म्हणून काळाकुट्ट रंग ही गुणाची खूण नाही, उलट शंकेची आहे.

प्रमाण: रोज १० ते २० ग्रॅम. ७० ते ८५ टक्क्यांच्या चॉकलेटमध्ये १०० ग्रॅमला साधारण ६०० कॅलरी, म्हणजे २० ग्रॅमला १२०. त्यात साडेआठ ग्रॅम स्निग्ध, पैकी जवळपास पाच ग्रॅम संपृक्त, दोनेक ग्रॅम तंतू आणि ४५ मिलिग्रॅम मॅग्नेशियम. संपृक्त चरबीचा बराच भाग स्टिअरिक आम्ल असतो, ते वाईट कोलेस्टेरॉल वाढवत नाही. तरी कॅलरी त्या कॅलरीच. लाडू बंद करून चॉकलेट खाल्लं तर हिशेब जमतो. लाडू *आणि* चॉकलेट झालं तर नाही.

सुरुवात ७० पासून करा. एकदम ८५ वर गेलेला माणूस चौथ्या दिवशी पेढ्याच्या डब्याकडे वळतो.

मिरगाचा पाऊस

८५ टक्के रोज खाल्लं तर रक्तदाबाची गोळी कमी होते असं वाचलंय. त्या बासष्टच्या काकांना उपयोग होईल की.

कातळ

नाही हो, असं सांगू नका कोणाला. कॉक्रेन ही संस्था वैद्यकीय प्रयोगांचे निकाल एकत्र करून तपासते; तिच्या २०१७ च्या आढाव्यात कोकोमुळे वरचा रक्तदाब सरासरी २ मिलिमीटरपेक्षाही थोडा कमीच उतरलेला दिसतो. गोळीला पर्याय म्हणून हा आकडा काहीच नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१२ मध्ये मान्य केलं ते इतकंच, की रोज २०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हनॉल रक्तवाहिन्यांची लवचीकता राखायला मदत करतात. तेवढे १० ग्रॅम चॉकलेटमधून मिळतात खरे, पण ते फ्लॅव्हनॉल मुद्दाम राखलेल्या चॉकलेटमधून. बाजारातल्या साध्या पाकिटावर हा आकडा छापलेलाच नसतो, आणि कोकोच्या टक्क्यावरून तो काढता येत नाही. आंबवणं, भाजणं, अल्कली यांत किती गेले ते टक्का सांगत नाही. अमेरिकेत २१ हजारांवर ज्येष्ठांना रोज ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉलच्या कॅप्सूल देऊन पाहिल्या, निकाल २०२२ मध्ये आला. हृदयविकाराच्या एकूण घटनांत ठोस म्हणावी अशी घट दिसली नाही. (हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी दिसले, पण तो दुय्यम निकाल होता.)

चॉकलेट हे बरं असलेलं गोड आहे. औषध नव्हे.

आगरातला

चौथ्या प्रश्नाचं. ‘शुगर फ्री’मध्ये बहुधा माल्टिटॉल असतं. त्यातही ग्रॅममागे दोनाहून थोड्या जास्त कॅलरी असतात आणि रक्तातली साखर ते वाढवतं, साखरेपेक्षा कमी एवढंच. वर ३०-४० ग्रॅम खाल्लं की पोटात वारा धरतो, काहींना जुलाब होतात. काकांसाठी त्यापेक्षा खऱ्या ८५ टक्क्यांचे १० ग्रॅम बरे: साखर दीड ग्रॅम. जेवणाच्या शेवटीच द्या, संध्याकाळी रिकाम्या पोटी नको. आणि एप्रिल-मेमध्ये हापूस सुरू झाला की चॉकलेट सरळ बंद. आंब्याच्या १०० ग्रॅम गरात १४ ग्रॅमच्या आसपास साखर असते. फोडी आणि चॉकलेट दोन्ही नकोत. त्या दिवसांत चॉकलेट नीट राहतही नाही, तेव्हा सोय दोन्हीकडून.

कोणी जपून खावं तेही सांगतो. मुतखडा होऊन गेलेल्यांनी: कोकोमध्ये ऑक्झलेट भरपूर. ॲसिडिटी असलेल्यांनी रात्री आडवं होण्याआधी नको. लोहाची गोळी चालू असेल तर चॉकलेट आणि गोळी यांत दोन तासांचं अंतर. चहासारखंच कोकोतले पॉलिफिनॉल लोह अडवतात, त्यामुळे पाकिटावरच्या लोहाच्या आकड्यावर विसंबू नका. झोपेचं म्हणाल तर २० ग्रॅममध्ये १६ मिलिग्रॅमच्या आसपास कॅफीन, कपभर चहापेक्षा कमी.

शिसं आणि कॅडमियमचा विषय निघेलच, म्हणून आधीच: कॅडमियम झाड जमिनीतून ओढतं, शिसं बहुतेक बिया उन्हात वाळताना धुळीतून बसतं. दोन्ही कोकोच्या घन भागात असतात, त्यामुळे टक्का वाढला की तेही वाढू शकतात. एकाच ब्रँडचं वर्षभर खाऊ नका, आलटूनपालटून घ्या. गरोदर बाई आणि लहान मुलं यांच्या रोजच्या खाण्यात नको.

मिरगाचा पाऊस

बरं, गोळीचं मागे घेतो. पण घरी करता येईल का? कोको पावडर, खोबरेल आणि मध घालून वड्या पाडायच्या. खोबरेल तर घरच्या घाण्याचं आहे.

खाडीपलीकडे

खोबरेल २४ अंशांच्या पुढे पातळ होतं. रत्नागिरीत २४ अंश वर्षातल्या किती दिवशी असतात? वडी फ्रिजमधून ताटात येईपर्यंत तेल सुटतं. चॉकलेटमध्येही खोबरेल मिसळलं तर कोको बटरचा कडकपणा जातो, दोन्ही मिळून एकेकट्यापेक्षा मऊ होतात. शिवाय मधातलं पाणी. पातळ चॉकलेटमध्ये चमचाभर पाणी गेलं की साखर आणि कोको त्याला चिकटून अख्खं भांडं चिखलासारखं घट्ट होतं. तसं झालं तर टाकू नका: ६० ग्रॅमला निदान चमचाभर मोठा, म्हणजे १५ मिली गरम दूध घालून ढवळा, गुळगुळीत सॉस होईल. वडी मात्र होणार नाही.

तुमच्या थर आलेल्या पाकिटाचं, ताई, असं करा. वितळवून भाजलेला काजूतुकडा बुडवायचा. आपल्याकडे तो दाराशी मिळतो, चॉकलेटही कमी लागतं. १२० ग्रॅम चॉकलेट बारीक चिरून कोरड्या भांड्यात, खाली गरम पाणी. पाणी उकळतं नको आणि भांड्याच्या बुडाला लागलेलं नको. वाफेचा थेंब आत पडता कामा नये. ४५ ते ४८ अंशांपर्यंत वितळलं की खाली उतरवून त्यात ६० ग्रॅम *नवीन, चकचकीत* चॉकलेट चिरून घाला आणि ३१-३२ अंशांवर येईपर्यंत ढवळत राहा. जुन्या थरवाल्याने इथे काम होत नाही, नव्यातले स्फटिकच बाकीच्यांना वळण लावतात. ८० ग्रॅम काजू घालून चमच्याने छोटे ढीग टाका, दहा-पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये. काजू भाजून पूर्ण गार आणि कुरकुरीत हवा. सादळलेला असेल तर त्यातला ओलावाच घात करतो. हा उद्योग मे महिन्यात करू नका. खोली ३२ अंशांवर असेल तर चॉकलेट ३२ च्या खाली उतरणार कुठून? पौष-माघातली सकाळ बघा.

एवढी खटपट नको असेल तर नाचणी. एक मोठा चमचा नाचणीचं पीठ, सपाट छोटा चमचा बिनअल्कलीची कोको पावडर (अडीच ग्रॅमच्या आसपास), २०० मिली दूध. पावडर आधी दोन चमचे कोमट दुधात खलून घ्यायची, थेट ओतली तर वर तरंगते आणि गुठळ्या होतात. यात केळं मात्र कुस्करू नका. केळ्यातल्या विकराने (एन्झाइमने) फ्लॅव्हनॉल शोषणं खूप घटतं. २०२३ मध्ये छापून आलेल्या एका छोट्या प्रयोगात ८४ टक्के घट दिसली होती.

सड्यावरची

सगळ्यांचे आभार. ७० टक्के, १५ ग्रॅमच्या पुड्या, काकांना ८५ चे १०. दोन शेवटचे प्रश्न. इथे ८५ टक्के मिळत नाही, मुंबईहून मागवायचं तर कसं? आणि घरात कुत्रा आहे, सुमारे १० किलोचा, त्याला तुकडा दिला तर?

आगरातला

कुत्र्याला अजिबात नाही. कोकोतलं थिओब्रोमीन (कॅफीनसारखं द्रव्य) त्यांच्या अंगातून लवकर निघत नाही. ७०-८५ टक्क्यांच्या २५ ग्रॅममध्ये साधारण २०० मिलिग्रॅम असतं, १० किलोच्या कुत्र्याला उलट्या-जुलाब आणि अस्वस्थपणा सुरू व्हायला तेवढं पुरतं. दुप्पट-तिप्पट झालं तर हृदयाचे ठोके बिघडतात, झटके येतात. पुड्यांचा डबा फ्रिजमध्येच, पिशवी टेबलावर विसरू नका. खाल्लंच तर लक्षणांची वाट न बघता किती ग्रॅम आणि किती टक्क्यांचं ते लिहून घेऊन जनावरांच्या डॉक्टरांकडे.

कातळ

कुरिअरने मागवायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर पार्सल दुपारभर तापल्या गाडीत पडून असतं, ३४ अंशांच्या पुढे कोको बटर पूर्ण वितळतं आणि तुमच्यापर्यंत वाकडा ठोकळा येतो. मग थेंब गोल उभा राहणारा थर बघायला मिळेल. कोणी रात्रीच्या कोकणकन्येने येणार असेल तर त्याच्या हाती द्या: पाकिटं झिपच्या पिशवीत, वर वर्तमानपत्राचे चार-पाच पदर, बॅगेत कपड्यांच्या मधोमध. बर्फाच्या पिशव्या घालू नका, पहाटे स्टेशनवर उतरल्यावर तोच घामाचा प्रकार. घरी आल्यावर पाकीट उघडण्याआधी तासभर तसंच राहू दे.