मदत हवी आहे: बाळंतपणानंतरचं नैराश्य हार्मोनमुळे असेल तर ते आपोआप जातं का?

माझी धाकटी बहीण बाळंतपणाला माहेरी आली आहे. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्यापासून बरंच आत. बाळ दोन महिन्यांचं झालं. बाळ झोपलं तरी हिचा डोळा लागत नाही. दूध पाजते, पण त्याच्याकडे बघत नाही. विचारलं तर म्हणते, "मले काहीच वाटून नाही राहिलं, बाई." मुलगी झाली म्हणून असेल असं शेजारपाजारचे बोलतात, पण तिच्या सासरचे तसे नाहीत. जावई रोज फोन करतात, ही दोन शब्दांत ठेवून देते.

मावशीला बाहेरचं वाटतं, उतारा करू म्हणते. आशाताईंनी सांगितलं की हे हार्मोनमुळे होतं. ते ऐकून आई निश्चिंत झाली. म्हणते, "मंग उतरंल आपोआप. आमचीबी बाळंतपणं झाली, आमाले नाही झालं असं काही." मला हेच कळत नाही. हार्मोन सगळ्याच बाळंतिणींचे उतरतात, मग हिलाच का? रक्ततपासणीत हे दिसतं का? गोळ्या सुरू केल्या तर बाळाचं दूध तोडावं लागेल का? सध्या कापूस वेचणी चालू आहे, दिवसभर ती बाळासोबत घरात एकटीच असते. खूप काळजी वाटते.

प्रतिसाद

ताई, मी परिचारिका आहे. हार्मोन सगळ्यांचेच उतरतात, हे तुमचं बरोबर. गरोदरपणात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन मुख्यतः वारेतून येतं. वार पडली की थोड्याच दिवसांत दोन्ही एकदम खाली येतात. फरक असतो तो हा उतार सोसण्यात. 2000 साली अमेरिकेत एक प्रयोग झाला होता. गरोदर नसलेल्या 16 बायकांना औषधांनी गरोदरपणासारखे हार्मोन दिले आणि मग बंद केले. त्यांपैकी 8 जणींना आधी बाळंतपणानंतर नैराश्य आलेलं होतं. त्यांतल्या 5 जणींचं मन पुन्हा ढासळलं, उरलेल्या 8 मध्ये एकीचंही नाही. प्रयोग लहान होता, पण उतार सारखाच असून परिणाम वेगळा झाला. त्यामुळे आईंना झालं नाही म्हणून हिचं खोटं ठरत नाही.

म्हणूनच इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनची तपासणी करून काही हाती लागत नाही. थायरॉईडची टीएसएच ही रक्ततपासणी मात्र नक्की करा. बाळंतपणानंतर थायरॉईड बिघडू शकतं आणि त्यानेही थकवा, उदासी येते. हिमोग्लोबिनही बघून घ्या.

आपोआप जातं ते तिसऱ्या-चौथ्या दिवसाचं रडू, तेही साधारण दोन आठवड्यांत. दोन महिन्यांनंतर वाट बघू नका. एकट्या हार्मोनचंच हे नसतं, तुटलेली झोप आणि एकटेपणा ते वाढवतात. वेचणीला घरातलं एक माणूस कमी गेलं तरी चालेल, तिच्याजवळ कुणीतरी थांबा. रात्री एखादं पाजणं सोडून बाकी बाळ तुम्ही सांभाळा. दूध तोडू नका. सर्ट्रालीनसारखं नैराश्यावरचं औषध दुधात फार कमी उतरतं, डॉक्टर बघून देतात.

आणि तिला सरळ विचारा, मरावंसं वाटतं का, बाळाला काही करावंसं वाटतं का. विचारल्याने तसा विचार डोक्यात येत नाही. हो म्हणाली, किंवा भास होऊ लागले, असंबद्ध बोलू लागली, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या, 108 ला फोन करा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा 14416 हा नंबर रात्रंदिवस चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

धागा काढणारी

विचारलं. "कधी कधी वाटते मरून जावं," म्हणाली आणि पहिल्यांदाच मोकळी रडली. बाळाबद्दल तसं काही नाही म्हणाली. 14416 वर बोलणं करून दिलं, त्यांनीही थांबू नका असंच सांगितलं. जावई गाडी घेऊन निघाले आहेत, आताच यवतमाळला नेतो. आईही येते म्हणते. बाळाला सोबत न्यावं की मावशीकडे ठेवावं?

प्रतिसाद

सोबत न्या. अंगावर पितं बाळ आहे, आणि तिथे थांबावं लागलं तर दोघींची ताटातूट नको. पण बाळ आईंच्या मांडीवर द्या, तुम्ही बहिणीजवळ बसा. तिला वाटेतही एकटं सोडू नका. गरोदरपणाची फाईल घ्या, आणि डॉक्टरांना तिचं ते वाक्य जसंच्या तसं सांगा.