अनुभव धागा: न भेटलेल्या व्हिडिओवाल्यावर तुमचा विश्वास कशामुळे बसला?

ज्याला आपण आयुष्यात भेटलो नाही त्याच्या सांगण्यावरून आपण बिनधास्त मशीन उघडतो, एवढा भरवसा येतो कुठून? १९५६ साली हॉर्टन आणि वोल या दोन अभ्यासकांनी टीव्ही-रेडिओवाल्यांशी होणाऱ्या अशा एकतर्फी ओळखीला पॅरासोशल म्हटलं होतं. पण तेव्हा प्रेक्षकाला खाली कॉमेंट टाकता येत नव्हती आणि मला वाटतं सगळा फरक तिथेच पडतो. बघणारे, बनवणारे, दोघांनीही लिहा.

*

वॉशिंग मशीनचा ड्रेन पंप मी व्हिडिओ बघून बदलला. व्हिडिओतल्या बाईंचा एक स्क्रू अडकला, डोकं झिजलं, पक्कड लावली तर तीही सटकली, आणि हे सगळं त्यांनी व्हिडिओत तसंच ठेवलेलं. माझाही स्क्रू अडकला, पण म्हटलं हे होतंच. बाकी चॅनलवर सगळं कसं झटक्यात निघतं, ते बघून उलट धीर सुटतो.

*

मी ज्यांच्याकडून गणित शिकते त्या सरांचं सांगते. यूट्यूबवर चढवलेला व्हिडिओ त्याच लिंकवर बदलता येत नाही, फार तर तुकडा कापता येतो. एका मुलाने उणे चिन्ह सुटल्याचं लिहिलं, तर सरांनी मिनिट-सेकंदासकट दुरुस्ती पिन केली, म्हणजे कॉमेंटमध्ये सगळ्यांत वर लावली, आणि शिवाय त्या मुलाचे आभार मानले. लपवायला कॉमेंट उडवली असती तरी कुणाला कळलं नसतं!

*

मी माइकचे रिव्ह्यू करतो. पैसे घेतले असतील तर ‘पेड प्रमोशन’ची खूण करावी लागते, पण ती सुरुवातीला काही सेकंद दिसते आणि जाते, म्हणून मी पहिल्याच वाक्यात तोंडाने सांगतो. काही जण तिथेच बंद करतात, करू देत. जे थांबतात ते विकत घ्यायच्या आधी मलाच विचारतात.

*

नियमितपणा. टॉम स्कॉट या ब्रिटिश यूट्यूबरने दहा वर्षं दर आठवड्याला व्हिडिओ दिला आणि १ जानेवारी २०२४ ला सरळ सांगून थांबला.

*

थोडं वेगळं लिहितो. एक जण रोज घरातलं सगळं सांगायचा, आजारपण, भांडणं, मला तो आपलाच वाटायला लागला आणि मग त्याने शेअर बाजाराचा कोर्स काढला तेव्हा मी डोळे झाकून पैसे भरले. कोर्समध्ये काही नव्हतं. माणूस मोकळा आहे म्हणजे त्याला त्या विषयातलं कळतं असं नाही, या दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासा रे बाबांनो.

*

मला ऐकू कमी येतं, आणि ऑटो कॅप्शनमध्ये भलतेच शब्द येतात. विणकामाच्या एका ताईंना तसं लिहिलं, तर पुढच्या व्हिडिओपासून हाताने टाइप केलेली सबटायटल सुरू झाली, जुन्या व्हिडिओंनाही एकेक करून लावतायत. शिवाय टाके मोजताना आता त्या तोंड कॅमेऱ्याकडेच ठेवतात, म्हणजे मला ओठ वाचता येतात. हे मी मागितलंसुद्धा नव्हतं.