शब्दचर्चा : 'पंच'मध्ये पाच जिन्नस असतातच का? आणि 'मजा' चवीची कशी?

शब्दवेल्हाळ
नाताळ जवळ आला की मोठ्या काचेच्या भांड्यातून पळीने वाढलं जाणारं 'पंच' सगळीकडे दिसू लागतं. त्यावरून दोन शंका. 'पंच' म्हणजे आपलं 'पाच'च, असं सर्रास सांगतात. ते कितपत पक्कं आहे? दुसरी शंका शुभेच्छापत्रातल्या 'चिअर'ची. त्यासाठी मजा, मौज, चैन, विरंगुळा यांतला कुठला शब्द घ्यावा? मला सणाच्या जल्लोषाचा शब्द नको आहे. संध्याकाळी पेला हातात घेऊन दोन माणसं बोलत बसतात, तेवढ्या सुखाचा हवा आहे.

पोथीवाचक
पहिल्या शंकेचं उत्तर 'बहुधा हो' असं आहे, पण त्यातल्या 'बहुधा'ला वजन आहे. इंग्रजीत या पेयाचा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख १६३२ सालच्या एका पत्रात सापडतो आणि ते पत्र ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसाचं आहे. पुढे जॉन फ्रायर या डॉक्टरने आपल्या प्रवासवर्णनात (छापलं गेलं १६९८ साली) स्पष्टच लिहिलं की गोव्याच्या अर्कापासून इंग्रज 'पाँच' नावाचं पेय करतात, आणि हा हिंदुस्थानी भाषेतला पाचाचा शब्द आहे, कारण जिन्नस पाच. मद्य, साखर, लिंबू, पाणी, मसाला (किंवा चहा) अशी मोजणी पुढे रूढ झाली. पंचामृत, पंचगव्य, पंचखाद्य म्हणणाऱ्या आपल्या कानाला ते लगेच पटतं.

अडचणी दोन आहेत. मांडेल्स्लो हा जर्मन प्रवासी १६३८ साली सुरतेत होता. त्याने वर्णन केलेल्या अशाच पेयात जिन्नस चारच आहेत : मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर. दुसरी अडचण उच्चाराची. त्या काळी इंग्रजीत या शब्दातला स्वर 'उ'कडे झुकलेला होता, आणि आपल्या 'पंच'मधल्या 'अ'चा असा 'उ' का व्हावा, हे नीट उलगडत नाही. म्हणून काही जण मद्याच्या पिंपासाठी असलेल्या 'पंचन' या इंग्रजी शब्दाकडे बोट दाखवतात. माझा कौल तरीही पाचाकडे. शब्द आणि पेय दोन्ही याच किनाऱ्यावरून गेलेले दिसतात. आणि आकडा नावात अडकला की जिन्नस कमीजास्त झाले तरी नाव बदलत नाही. जेवणात चिंच, गूळ, शेंगदाणे, मिरचीचं आंबटगोड पंचामृत वाढताना कोण पाच मोजतं?

रातांबा
पाचापेक्षा प्रमाणाचा आकडा जास्त कामाचा. कॅरिबियन बेटांवरची जुनी मोजणी अशी : आंबट एक, गोड दोन, कडक तीन, सौम्य चार. 'सौम्य' म्हणजे पाणी किंवा चहा. दहा पेले (प्रत्येकी १५० मिली) करायचे तर लिंबाचा रस १५० मिली, पाक ३००, मद्य ४५०, कोरा चहा ६००. ३०० मिली पाकाला २०० ग्रॅम साखर आणि २०० मिली पाणी घ्या, थोडा उरेल. कागदी लिंबं दहा-बारा लागतात.

आधी संत्र्याची किंवा लिंबाची वरची रंगीत साल साखरेत चुरडून तासभर झाकून ठेवा. सालीतलं तेल साखर ओढून घेते आणि सगळा सुगंध त्या तेलात असतो. सालीखालचा पांढरा भाग आला तर पंच कडू होतं आणि वरून कितीही साखर घातली तरी ते सुधारत नाही. मग त्याच साखरेचा पाक करून गाळा.

चहा तीन-चार मिनिटांतच गाळायचा. जास्त वेळ मुरला तर तुरट होतो, आणि गरम चहा थेट फ्रीजमध्ये ठेवला तर गढूळ होतो. लिंबाचा रस आयत्या वेळी काढा, सकाळी काढलेला संध्याकाळी कडवट लागतो. बर्फाचे छोटे तुकडे अर्ध्या तासात सगळं पांचट करतात, म्हणून एका डब्यात रात्रभर गोठवलेला एकच ठोकळा घाला. जायफळ अगदी शेवटी, किसणीवर, पेल्यावरच.

मद्य नको असेल तर कडकच्या जागी कोकम, मात्र अमृत कोकम. इथे शब्दाची चूक पेयाला भोवते. आगळ म्हणजे मिठातला कोकमरस, सोलकढीचा. अमृत कोकम म्हणजे रातांब्यांच्या सालींवर साखर पसरून उन्हात मुरवलेला पाक. बाटल्यांचा रंग एकच असतो. आगळ पडलं तर अख्खं भांडं खारट. अमृत कोकम स्वतःच गोड असल्यामुळे वरचा पाक निम्म्याहून कमी करा. ॲल्युमिनियमचं किंवा बिनकल्हईचं पितळी भांडं वापरू नका, आंबट रस धातूला लागतो.

शब्दवेल्हाळ
फ्रायरचा 'अर्क' म्हणजे ओव्याच्या अर्कातलाच ना? आणि फेणीचं पंच करायचं तर उर्राक चालेल का?

पोथीवाचक
शब्द तोच. अरबी 'अरक' म्हणजे घाम. भट्टीच्या नळीतून थेंब थेंब येतं ते घामासारखं, म्हणून अर्क. 'तो म्हणजे एक अर्क आहे' हा आपला वाक्प्रचारही त्यातूनच आला : गाळून गाळून उरलेला, पक्का मुरलेला माणूस. रुईच्या झाडाचा आणि सूर्याचा 'अर्क' मात्र संस्कृत, त्याचा याच्याशी संबंध नाही.

रातांबा
उर्राक हे नावही त्याच 'अरक'चं रूप. काजूच्या बोंडांच्या आंबवलेल्या रसाची पहिली धार ती उर्राक, पुन्हा गाळली की फेणी. फेणीचा संबंध फेणाशी, म्हणजे फेसाशी जोडतात. उर्राक सौम्य, साधारण १५ टक्के. फेणी ४० टक्क्यांच्या वर. उर्राकचा हंगाम उन्हाळ्याचा आणि ती टिकत नाही, म्हणून डिसेंबरात फेणीच. वास उग्र असतो, तेव्हा वरच्या ४५० मिलीपैकी २५० मिली फेणी घ्या आणि उरलेल्या जागी चहा वाढवा.

पोथीवाचक
आता दुसरी शंका. मला हा भाग जास्त प्रिय आहे.

'मजा' फारसीतून आला आणि तिथे 'मझा' म्हणजे चव. तुर्कस्तानात पेयासोबत लहान बशांतून जे चाखायला ठेवतात त्या 'मेझे'चं मूळही हेच. म्हणजे 'मजा आली' हे मुळात 'चव आली' आहे. 'मौज' अरबी, मूळ अर्थ लाट. म्हणूनच ती येते आणि ओसरते.

'चैन'चं काय झालं पाहा. हिंदीत चैन म्हणजे मनाची स्वस्थता. मराठीत 'चैन करणे' म्हणजे खर्चिक सुख, थोडा नाराजीचा सूर असलेलं. पण 'त्याला चैन पडेना' म्हणतो तेव्हा जुना अर्थ जसाच्या तसा उभा राहतो. नकारात तो टिकला, होकारात हरवला, याचं मला वाईट वाटतं.

'विरंगुळा' तुमच्या वर्णनाच्या जवळचा वाटेल, पण त्याला आधी काहीतरी कंटाळवाणं किंवा जड असावं लागतं. आजारपणात पुस्तकांचा विरंगुळा असतो. चांगल्या संध्याकाळी विरंगुळ्याची गरज नसते. म्हणून तुमच्यासाठी माझी निवड 'मजा'. शब्द साधा आहे, मुलांच्याही तोंडी आहे आणि त्याच्या पोटात चव आहे.

शब्दवेल्हाळ
'मजा' घेतला. एक उरलं : पंच तो की ते?

पोथीवाचक
पेय असेल तर 'ते पंच', सरबतासारखं नपुंसकलिंगी. 'तो पंच' म्हटलं की क्रिकेटचा किंवा गावकीचा, निवाडा देणारा, आणि तोही पाचांतलाच. सामान्यरूपातही फरक ठेवा : 'पंचांना विचारा', पण 'पंचमध्ये जायफळ घाला'. 'पंचात घाला' लिहिलं तर जायफळ भलत्याच्या डोक्यावर पडेल.